पोराकडे गेलेल्या माय-बापाचा व्हिसा संपत आला तर: शारजाहून ओमानला जाऊन नवा काढताना

दिग्रस, दारव्हा, पुसद या आमच्या पट्ट्यातली पोरं आता पुण्या-मुंबईपुरती राहिली नाहीत. कुणी दुबईत एसीचं काम करतो, कुणी शारजात हिशेब लिहितो. मग सुनेचं बाळंतपण येतं आणि गावाकडची माय साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर निघते. हिशेब सोपा वाटतो: तारखेच्या आधी पंधरा-वीस दिवस, पुढे सव्वा महिना, झाले साठ. पण तारीख पुढे सरकते, सिझर होतं, बाळाला कावीळ निघते, आणि सून म्हणते, "आई, अजून महिनाभर तरी राहा." तिथून खरी धावपळ सुरू होते.

आमच्या मायसोबत मीही होतो. लहान भाऊ शारजात नोकरीला आहे. तिचा आणि माझा व्हिसा संपत आला तेव्हा ओमानची बॉर्डर ओलांडून, नवा व्हिसा घेऊन आम्ही परत आत आलो. तेव्हापासून गावात कुणाच्या घरी अशी वेळ आली की लोक माझ्याकडे येतात, म्हणून एकदाच क्रमाने लिहून काढतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. एजंट लोक हे काम "बॉर्डर शिवून संध्याकाळी परत" असं सांगतात. कुणाकुणाचं तसं होतंही. पण नवा व्हिसा कधी येईल हे तुमच्या हातात नाही, एजंटच्याही नाही. म्हणून तयारी जाण्या-येण्याची नव्हे, तिकडे थांबण्याची करायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. गावातून निघण्याआधी: पासपोर्टवरचं नाव

तिकडे अडकणारी निम्मी प्रकरणं इथे, आपल्या तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत फॉर्म भरतानाच बिघडलेली असतात.

आपल्याकडच्या जुन्या बायांचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं. आधारवर शांताबाई, रेशन कार्डावर शांता, सातबाऱ्यावर तिसरंच. फॉर्म भरणारा पोरगा घाईत आडनावाचा रकाना रिकामा सोडतो आणि "शांताबाई" एवढंच छापून पासपोर्ट येतो. भारतात त्याने काही अडत नाही. पण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसा देणं थांबवलं आहे. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर ते धरतात, पण त्या भरवशावर राहू नका. नाव आणि आडनाव दोन्ही रकान्यांत हवं. पासपोर्ट एकाच नावाचा निघाला असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, मगच तिकीट काढा.

जन्मतारखेची भीती बाळगू नका. जन्मदाखला सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना. त्याआधीच्यांचं शाळेच्या टीसीवर, पॅनवर भागतं. फक्त सगळ्या कागदांवर तारीख एक असू द्या. आधारला ०१/०१ अशी अंदाजे तारीख आणि टीसीला वेगळी असेल, तर आधी आधार सुधारा.

साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. शिवाय बऱ्याच जिल्ह्यांत मुख्य पोस्टातही केंद्र आहे, ऑनलाइन अर्ज करताना जवळचं निवडा. जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या हातांचे ठसे मशीन पटकन घेत नाही. माय हात पुढे करत राहिली, मशीन नाही म्हणत राहिलं. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावा, केंद्रावर हात धुऊन कोरडे करा, आणि घेणाऱ्याला सावकाश घ्यायला सांगा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो. म्हणजे आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांना हा नियम नाही. फॉर्ममध्ये तो पर्याय बरोबर भरा, म्हणजे विमानतळावर म्हाताऱ्या माणसाला उगाच प्रश्न विचारले जाणार नाहीत.

२. पिशवीत काय नको

हे लिहिलं नाही तर कुणाची तरी माय शारजाच्या कस्टम्समध्ये रडताना दिसेल.

खसखस नेऊ नका. डिंकाच्या लाडवातही घालू नका. बाळंतिणीसाठी लाडू करताना आपला हात आपसूक खसखशीकडे जातो, पण अमिरातीत ती बंदी असलेल्या मालात मोडते. "थोडीशीच हाय, घरच्यासाठी हाय" हे तिथे चालत नाही. खारीक, खोबरं, डिंक, मेथी घालून लाडू करा आणि खसखशीवाचून करायची सवय आधीच लावा.

विड्याची पानंही बंद आहेत. आणि बापू लोकांनो, खर्रा, म्हणजे आपला सुपारी-तंबाखूचा माल. खिशात, मोज्यात, औषधाच्या डबीत, कुठेच नको. सवय सुटत नसेल तर सोबत यायचंच रद्द करा, मी थट्टा करत नाही.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांना अडचण येत नाही. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, प्रेगाबालिन ही नियंत्रित यादीतली औषधं आहेत, त्यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. गुडघेदुखीला आपल्याकडे मेडिकलवाला सहज ट्रामाडॉल देऊन टाकतो, म्हणून पाकिटावरचं नाव वाचा.

३. दिवस मोजा, आणि दोनदा मोजा

व्हिसाच्या कागदावर दोन मुदती असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक, किती तारखेच्या आत देशात शिरायचं. दुसरी, शिरल्यावर किती दिवस राहायचं. साठ दिवस मोजायचे ते शिक्का पडल्या दिवसापासून, व्हिसा निघाल्या दिवसापासून नाही. उतरल्याचा दिवस पहिला धरा. त्यावर एक-दोन दिवस राखून ठेवा आणि तीच शेवटची तारीख समजा.

बोटावर मोजलेल्यावर न थांबता साइटवरही पाहा. दुबईने दिलेला व्हिसा जीडीआरएफए या दुबईच्या खात्याच्या साइटवर दिसतो. शारजा, अबुधाबी, अजमान वगैरेंचा आयसीपी या केंद्रीय खात्याच्या साइटवर. व्हिसा शारजाचा आणि शोधताय दुबईच्या साइटवर, मग "व्हिसाच खोटा आहे" म्हणून घरात रडारड, हे मी पाहिलं आहे.

मुदत संपल्यानंतर पूर्वी दहा दिवसांची सवलत मिळायची. ती आता नाही. पहिल्या दिवसापासून रोज ५० दिरहम दंड, म्हणजे आपले बाराशेच्या वर, दर माणशी. शिवाय व्हिसा एजंटमार्फत काढला असेल तर कागदोपत्री जबाबदार तो असतो. तुम्ही थांबलात तर तो "पळाला" अशी तक्रार नोंदवून मोकळा होतो, आणि ती तक्रार उठवायचा खर्च दंडापेक्षा जड जातो. माय घरात बाळाला तेल लावत बसलेली असते आणि कागदावर ती फरार!

४. जाणं खरंच लागतं का?

बॉर्डरचा विचार करण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.

पहिला: आतल्या आत मुदत वाढते का? बऱ्याच व्हिजिट व्हिसांना आत राहूनच पैसे भरून मुदतवाढ मिळते. ज्याने व्हिसा काढून दिला त्यालाच विचारा, आणि मुदत संपायच्या किमान दहा दिवस आधी विचारा. पॅकेज विकण्यात एजंटला जास्त सुटतात, म्हणून "वाढत नाही जी" असं तो लगेच सांगेल. एकाकडून नाही आलं तर तिथल्या सरकारमान्य टायपिंग सेंटरवर, म्हणजे ज्याला तिकडे आमेर सेंटर म्हणतात तिथे (दुबईत), किंवा संबंधित खात्याच्या अॅपवर स्वतः पाहा. वाढत असेल तर हा लेख इथेच मिटवा.

दुसरा: सरळ घरी जाऊन पुन्हा येणं परवडतं का? शारजा-नागपूर थेट विमान आहे. तिकीट वेळेत काढलं तर ओमानचा व्हिसा, हॉटेल, गाडी, जेवण या सगळ्याच्या बेरजेपेक्षा फार जास्त पडत नाही. माय घरी येते, शेताकडे एक नजर टाकते, नवा व्हिसा आला की परत जाते. साठीच्या पुढच्या माणसाला मी तरी हाच सल्ला देतो. ओमानचा रस्ता तेव्हा धरायचा, जेव्हा बाळंतिणीपासून फार दिवस दूर राहणं जमत नाही.

तिसरा एक प्रकार एजंट सांगतात: विमानाने शेजारच्या देशात जायचं, विमानतळावरच थांबायचं, नवा व्हिसा आला की परत बसायचं. तरण्या पोराला ठीक आहे. व्हिसा लांबला तर रात्र खुर्चीवर काढावी लागते, म्हणून वयस्क माणसाला नको. आणि कुणी इराणच्या किश बेटाचं स्वस्त पॅकेज सांगितलं तर उठून निघून या. नोकरीच्या नावाने नेलेल्या भारतीयांच्या अपहरणाचे प्रकार झाल्यावर इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून भारतीयांची व्हिसामाफी बंद केली.

५. ओमानचा व्हिसा हातात घ्या, मगच गाडीत बसा

सगळ्यात मोठा फसवा भाग हाच. "ओमानचा बॉर्डरवर मिळते, टेन्शन नका घेऊ," असं आम्हालाही एकाने सांगितलं होतं. अमिरातीचा रेसिडेन्स (म्हणजे तिथे राहण्याचा परवाना) असलेल्यांचे नियम वेगळे आहेत, आणि तिथे राहणारे मित्र स्वतःच्या अनुभवावरून बोलतात. तुमचा भाऊ रेसिडेन्सवर आहे, माय व्हिजिटवर. दोघांना एकच नियम लावू नका.

साधा भारतीय पासपोर्ट आणि अमिरातीचा व्हिजिट व्हिसा एवढंच असेल तर रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा साइटवर आधी अर्ज करा. दहा दिवसांच्या पर्यटन व्हिसाची फी ५ रियाल, तीस दिवसांच्या व्हिसाची २० रियाल. एक रियाल म्हणजे साडेनऊ दिरहमच्या आसपास, म्हणजे दहा दिवसांचा व्हिसा साधारण बाराशे रुपयांत बसतो. स्वस्तातला घ्यावा का महागातला? ज्याचं नाव अहमद, शेख, राठोड, पवार असं हजारोंनी सापडणारं आहे, त्याच्या नव्या व्हिसाला नावसाधर्म्याच्या तपासणीमुळे वेळ लागू शकतो. त्यांनी वीस रियाल घालवावेत. बाकीच्यांना दहा दिवस सहसा पुरतात.

पासपोर्टची मुदत पुढे किमान सहा महिने हवी. अर्जातलं नाव पासपोर्टवरच्यासारखं, अक्षर न अक्षर.

६. कोणत्या वारी निघायचं

याकडे कुणी लक्ष देत नाही. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात तर शुक्रवार पूर्ण बंद. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणजे गुरुवारी निघालात तर इकडचं आणि तिकडचं मिळून सगळं थंड पडतं, आणि तुम्ही ओमानमधल्या सोहार गावी हॉटेलात भिंतीकडे पाहत पैसे मोजता. रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी निघा. ईदच्या आसपास तर बेतच करू नका.

७. सोबत काय घ्यायचं

- पासपोर्ट, आणि पहिल्या-शेवटच्या पानाच्या चार-पाच झेरॉक्स
- चालू व्हिसाची प्रिंट (मोबाइलवर आहे म्हणून सोडू नका)
- ओमानच्या व्हिसाची प्रिंट
- ओमानमधल्या हॉटेलचं बुकिंग, किमान दोन रात्रींचं, पुढे वाढवता येईल असं
- भारतात परतीचं तिकीट
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, कागदावर आणि मोबाइलवर दोन्हीकडे
- मुलाच्या एमिरेट्स आयडीची, रेसिडेन्सची आणि भाड्याच्या कराराची झेरॉक्स
- बाळाचा जन्मदाखला किंवा दवाखान्याचा कागद (नातं विचारलं तर)
- ठरवलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची औषधं
- थोडे रोख दिरहम, थोडे रियाल. मायच्या कनवटीला वेगळे.

बाळाला आणि सुनेला नेऊ नका. बाळाचा पासपोर्ट आणि रेसिडेन्स व्हायचं असतं, त्यासाठी जन्मापासून १२० दिवस मिळतात, आणि पासपोर्टशिवाय बाळाला बॉर्डर ओलांडता येत नाही. मग माय आणि भाऊ दोघेही गेले तर ओल्या बाळंतिणीपाशी कोण? याचा विचार निघायच्या आदल्या दिवशी सुचतो. शेजारची एखादी मल्याळी किंवा मराठी बाई आधीच सांगून ठेवा. आम्हाला सोहारला सोडून भावाला आम्ही लगेच परत जायला लावलं आणि मायसोबत मी थांबलो, कारण मला तसंही नवा व्हिसा काढायचाच होता.

८. रस्ता आणि दोन चौक्या

दुबईहून जाणारे बहुतेक हत्ताच्या चौकीने जातात. शारजाहून कलबाकडे जाणारा रस्ता सोयीचा. डोंगर कापून, बोगद्यांतून जातो. आपल्या सातपुड्यासारखा हिरवा मुळीच नाही, नुसता करपलेला दगड. पलीकडे उतरलं की एकदम समुद्र. कलबाच्या पुढे खतमत मलाहा ही चौकी. ती ओलांडली की शिनास, आणि तासाभरात सोहार.

स्वतःची गाडी असेल तर ओमानमध्ये चालणारा विमा लागतो, त्याला तिकडे ऑरेंज कार्ड म्हणतात. भाड्याची गाडी असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र. दोन्ही आधी घ्या. गाडी नसेल तर फेब्रुवारी २०२४ पासून शारजाच्या अल जुबैल बस स्थानकावरून मस्कतला जाणारी बस आहे, ती शिनासवरून जाते. बसवाला आधी पासपोर्ट आणि ओमानचा व्हिसा पाहतो, मगच तिकीट.

आधी अमिरातीची चौकी. बाहेर पडण्याची फी माणशी ३५ दिरहमच्या आसपास, कार्ड जवळ ठेवा. अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा, "एक्झिट झालं का?" शिक्का असो वा नसो, सिस्टिममध्ये बाहेर पडल्याची नोंद झाली पाहिजे. पुढचा सगळा डोलारा त्या नोंदीवर आहे. त्या पावतीचा, शिक्क्याचा फोटो काढून लगेच भावाला पाठवा.

मग थोडं पुढे ओमानची चौकी. इथे प्रिंट दाखवायची, हॉटेलचं बुकिंग विचारलं तर तेही. माय काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा अधिकारी कॅमेऱ्याकडे बोट दाखवत होता आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत होती. हळूच मला म्हणे, "सायबाकडं पाहू का त्या डबड्याकडं?" तर डबड्याकडं. डोक्यावरचा पदर चेहरा पूर्ण दिसेल इतका मागे, डोळे उघडे. ही सराव करून घेण्यासारखी गोष्ट आहे, कारण परत येताना डोळ्यांचं स्कॅनिंग होतं आणि वयस्क माणसं नेमकी त्याच क्षणी डोळे मिटतात.

दोन्ही चौक्यांवर हिंदी समजणारं कुणीतरी भेटतं. रांगेत घाई, आवाज चढवणं, फोटो काढत बसणं टाळा. चौकीचे, पोलिसांचे फोटो काढणं हा तिकडे गुन्हा आहे.

९. नवा अर्ज, आणि थांबणं

जुना व्हिसा चालू असताना सिस्टिम सहसा नवा अर्ज घेत नाही. बाहेर पडल्याची नोंद दिसली की अर्ज टाकतात. म्हणून भावाने किंवा एजंटने सगळे कागद आधीच भरून, फक्त बटण दाबायचं बाकी ठेवून बसायचं. तुमचा फोटो गेला की त्याने बटण दाबायचं.

यावेळी व्हिसा कोणता घ्यायचा? भाऊ स्वतः नातेवाइकाचा व्हिसा काढू शकत असेल तर तो घ्या, एजंटच्या टुरिस्ट व्हिसापेक्षा बरा. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांप्रमाणे बोलावणाऱ्याचा पगार पाहतात: आई-वडील, बायको-मुलं अशा पहिल्या नात्यासाठी महिना ४,००० दिरहम, भाऊ वगैरे पुढच्या नात्यासाठी ८,०००, मित्रासाठी १५,०००. म्हणजे पाच हजार पगाराचा पोरगा मायला बोलावू शकतो, पण सोबत आलेल्या थोरल्या भावाला नाही. थोरल्याने मग टुरिस्ट व्हिसाच पाहावा, आणि त्यासाठी हॉटेलचं बुकिंग व परतीचं तिकीट जोडावं लागेल हे धरून चालावं.

आता थांबायचं. सोहारमध्ये मल्याळी लोकांची साधी हॉटेलं आहेत, चपाती, डाळ, कडक चहा मिळतो. भाकर मिळत नाही. माय दोन जेवणं डाळ-भातावर काढेल, तिसऱ्याला कुरकुर करेल, म्हणून ठेचा किंवा कोरडी चटणी डबीत घेऊन जा. उन्हाळ्यात जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर फिरू नका. विदर्भातल्या माणसाला ४५ अंशांची सवय असते, पण तिथे समुद्राची दमट हवा असते आणि घाम सुकतच नाही.

अमिरातीचं सिम ओमानमध्ये महाग पडतं. हॉटेलचं वायफाय असतं, पण व्हॉट्सअॅपवर फोन लागेलच असं नाही, अमिरातीत तर व्हॉट्सअॅप कॉल चालत नाही. मेसेज आणि आवाजी निरोप चालतात. आधीच ठरवून ठेवा की भाऊ व्हिसा आल्यावरच निरोप देईल. दर तासाला "आला का?" विचारून कुणाचाच व्हिसा लवकर येत नाही.

दोन दिवसांत आला नाही तर घाबरू नका, अर्जाचा क्रमांक घेऊन स्थिती पाहा. अर्ज नाकारला गेला तर कारण पाहा: बहुतेकदा धूसर फोटो, चुकलेला पासपोर्ट क्रमांक किंवा नावातला फरक असतो. दुरुस्त करून पुन्हा टाका. ओमानचा व्हिसा संपायला तीन दिवस राहिले आणि तरी काही हलत नसेल, तर मस्कतहून मुंबईचं तिकीट काढा आणि घरी या. ही पळवाट आधीपासून मनात आणि खिशात ठेवा. ओमानमध्येही मुदत चुकली तर तिकडेही दंड आहे, आणि दोन देशांचे दंड एकदम भरायची वेळ कुणावर येऊ नये.

१०. परत आत येताना

नवा व्हिसा आला की प्रिंट काढण्याआधी चार गोष्टी ताडून पाहा: नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, किती दिवसांचा. मग साइटवर तो खरा आहे ना ते पाहा. मोबाइलवर आलेला कागद सुंदर दिसतो म्हणून खरा नसतो. चांगल्या प्रिंटरवर खोटा व्हिसाही छान निघतो.

परतीच्या चौकीवर कशासाठी येताय विचारलं तर खरं सांगा: "नातू झाला, सुनेपाशी राहायला आले." मुलाचे कागद दाखवा. नव्या शिक्क्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

११. पोरांसाठी वेगळं

हा रस्ता नातेवाइकांकडे राहायला आलेल्यांसाठी आहे. गावात एजंट पोरांना म्हणतात, "व्हिजिटवर जाऊन तं पाह्य, काम भेटलं का मंग पाहू." व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. २०२४ च्या सुधारित कायद्याप्रमाणे असं काम देणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, म्हणून धाड पडली की मालक आधी तुम्हालाच ओळखत नाही म्हणेल. पगार बुडाला तर दाद मागायला करारच नसतो. दर दोन महिन्यांनी बॉर्डर ओलांडत राहण्यात बापाने सोयाबीनवर काढलेलं कर्ज जातं.

नोकरीला जायचं तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेलाच एजंट पाहा. कायद्याने तो ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ईसीआर पासपोर्टवाल्यांना जाताना प्रवासी भारतीय विमा योजना मिळते: दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, १० लाखांचं विमा संरक्षण. दुबईत अडचणीत सापडलात तर भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक ८०० ४६३४२.

१२. घरी येताना सोनं

नातू झाला म्हणून मुलगा आईला चार बांगड्या करतो. ड्युटीशिवाय दागिने आणण्याची सवलत वर्षभरापेक्षा जास्त काळ परदेशात राहिलेल्यांनाच आहे. महिन्या-दोन महिन्यांच्या मुक्कामावरून येणाऱ्या मायला ती लागू होत नाही, बॉर्डर ओलांडून मुक्काम वाढवला तरीही. दागिने असतील तर नागपूरला कस्टम्सच्या लाल मार्गाने (जिथे ड्युटीचा माल जाहीर करतात) जा, पावती दाखवा, ड्युटी भरा. आणि माय घरून जे मंगळसूत्र, पाटल्या घालून निघणार असेल, त्याची जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून नोंद करून तो कागद पासपोर्टसोबत ठेवा. परत येताना तेच दागिने नवे नाहीत हे त्याच कागदाने दाखवता येतं.